छत किती?

"तुम्ही दार ढकलता. आत अंधार आहे. कुबट, ओला वास. समोर दगडी सिंहासन आणि त्यावर कोणीतरी बसलंय. चेहरा दिसत नाही, पण ते तुमच्याकडेच बघतंय."

शनिवारी रात्री साडेनऊ वाजता, चार शहरांतल्या चार हेडफोनांत शिरेल असा घोगरा आवाज काढून मी एवढं बोलतो आणि थांबतो. या थांबण्याची मी आठवडाभर तालीम केलेली असते. सगळे गप्प. कोणाच्या तरी माइकमधून पंख्याची घरघर येते. आणि मग त्या शांततेला भोक पाडत माळेकरचा आवाज येतो,

"छत किती फुटांवर?"

सिंहासनावर कोण बसलंय, ते जिवंत आहे की मेलेलं, त्याच्या हातात काय आहे, यातल्या कशाचंही त्याला पडलेलं नसतं. मी "वीस" म्हणतो. तो म्हणतो, "बाहेरच्या बोळाचं छत तू पंधरा सांगितलं होतंस. म्हणजे आत येताना छत पाच फूट चढलं की आपण पाच फूट उतरलो?" सिंहासनावरचा जो कोणी असेल तो एव्हाना जांभई देत असावा.

माळेकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. गावावरून 'कर' लावायची आपली पद्धत आहे. हा गृहस्थ कायम वरच्या माळ्यावर वस्तीला असतो, म्हणून माळेकर. लाडात आला की माळ्या. ज्या गटात हा खेळ खेळला जातो त्या प्रत्येक गटात एक उशिरा येणारा असतो, एक म्यूट न काढता पाच मिनिटं पोटतिडकीने बोलणारा असतो, आणि एक माळेकर असतो. पहिल्या दोघांवर इलाज आहे.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली काढला. मुळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी ही मंडळी. त्यांनी फौजेऐवजी एकेक माणूस खेळायला घेतला आणि पन्नास वर्षं पुरेल इतका कुटाणा करून ठेवला. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात, आमच्यात तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि नेम लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नाशिकची आमची क्लेरिक जखमा भरते. डोंबिवलीचा बार्बेरियन जखमा करतो आणि करून घेतो. श्टुटगार्टहून खेळणारा मित्र रोग आहे. हा त्याचा क्लास. प्रकृती उत्तम आहे. आणि ठाण्याचा माळेकर विझार्ड. कोणत्या स्पेलसाठी त्याने विझार्ड निवडला हे वेगळं सांगायला नकोच. फ्लाय.

पूर्वी हे सगळं एका टेबलाभोवती बसून चालायचं. आता ते टेबल कॉम्प्युटरवर आलंय. फँटसी ग्राउंड्स २००४ सालापासून आहे, रोलट्वेंटी २०१२ पासून, फाउंड्री २०२० पासून. आम्ही लॉकडाउनमध्ये या वाटेला लागलो आणि परतायचं राहून गेलं. स्क्रीनवर नकाशा असतो, त्यावर चौकोन आखलेले, एक चौकोन पाच फुटांचा. प्रत्येक पात्राचं एक गोल टोकन, कॅरमच्या सोंगटीएवढं. सोंगटी सरकवायची, फासा टाकायचा, आरडाओरडा करायचा.

गोम एवढीच की नकाशा थेट डोक्यावरून बघितलेला असतो. आणि थेट वरून बघणाऱ्याला हत्ती आणि हत्तीच्या रंगाची चटई यांत फार फरक दिसत नाही. गरुड आणि त्याची सावली एकाच चौकोनात असतात. एखादं पात्र उडालं तर स्क्रीनवर काय होतं? काही नाही. टोकनवर राइट क्लिक करायचं, छोटी चौकट उघडते, तिच्यात ४० लिहायचं. झालं, तुम्ही चाळीस फूट वर आहात. सोंगटी तसूभरही हललेली नसते. ती बुरुजाच्या टोकावर आहे की बुरुजाच्या पायथ्याशी विडी ओढत उभी आहे, हे फक्त तो आकडा सांगतो. बाकी आम्ही सगळे तो आकडा लिहायला विसरतो, लिहिला तर बदलायला विसरतो, आणि बदलला तर बघायला विसरतो. माळेकर विसरत नाही. त्याच्याकडे एक्सेलची शीट आहे. तिच्यात आमच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक खोलीच्या छताची उंची आहे, आणि शेवटच्या रकान्यात 'डीएमने बदलली' असा शेरा आहे. तो रकाना बऱ्यापैकी भरलेला आहे.

एकदा आमची क्लेरिक चाळीस फुटी बुरुजावर उभी होती. खाली, बुरुजापासून पन्नास फुटांवर, बार्बेरियन आडवा पडून शेवटचे श्वास मोजत होता. तिच्याकडे हीलिंग वर्ड होता. दोन शब्द उच्चारायचे, माणूस उठून बसतो. पल्ला साठ फूट. तिने "उठ रे बाबा" म्हटलं, मी हो म्हणणार, एवढ्यात,

"एक मिनिट. अंतर किती?"

पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे २०१४ चा, चौकोनांचा नियम सांगतो की तिरकं गेलात तरी प्रत्येक चौकोन पाच फुटांचाच धरा. म्हणजे पन्नास आडवे आणि चाळीस उभे मिळून होतात पन्नास. वरचे चाळीस फूट सरकारजमा. त्याच आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे, की तिरका एक चौकोन पाचचा आणि पुढचा दहाचा मोजा. तसं मोजलं की सत्तर. आणि माळेकर तिसरंच घेऊन बसला. "पायथागोरस राहू दे, आपल्या बौधायनाने शुल्बसूत्रांत दोरी ताणून कर्णाचा नियम सांगितलाय. पन्नासचा वर्ग अधिक चाळीसचा वर्ग, एक्केचाळीसशे. वर्गमूळ चौसष्ट आणि थोडं."

"थोडं म्हणजे?" नाशिकहून काळजीने विचारणा झाली.

"शून्य पूर्णांक शून्य तीन. पण त्याने फरक पडत नाही. चार फुटांनी हुकतंय."

म्हणजे एकाच माणसाचे तीन निकाल. एका नियमाने जिवंत, दोन नियमांनी कैलासवासी. डोंबिवलीहून आवाज आला, "अरे, मी मरतोय आणि तुम्ही वर्गमूळ काढताय!"

मी डीएमच्या अधिकारात पन्नास धरले. बार्बेरियन उठला. माळेकरने शीटमध्ये निषेध नोंदवला.

ही भांडणं पुलांवर फार होतात. एकजण पुलावर, दुसरा पुलाखाली, चौकोन एकच. सोंगट्या एकमेकींवर चढलेल्या. तुम्ही वरच्याला पकडायला जाता आणि हाती खालचा लागतो, अगदी गर्दीच्या लोकलमध्ये भलत्याचीच बॅग ओढावी तसा. फाउंड्रीत मजले वेगळे दाखवायला लेव्हल्स नावाचं जोडकाम मिळतं, भिंतींना उंची द्यायला वॉल हाइट नावाचं. माळेकरने ती दोन्ही माझ्याकडून बसवून घेतली. त्यानंतरच्या शनिवारसाठी मी एका साध्या खाणावळीच्या छत्तीस भिंतींना तळ आणि माथा असे दोन-दोन आकडे देत रात्री दोनपर्यंत बसलो होतो. पात्रांनी त्या खाणावळीत पाऊलच टाकलं नाही. माळेकरने बाहेरून दाराची चौकट बघितली आणि म्हणाला, "सात फूट. बरोबर आहे." आणि सगळे पुढे गेले.

मग उंचीच्या फायद्याचं प्रकरण निघालं. तिसऱ्या आवृत्तीत उंचावरून वार करणाऱ्याला अधिक एक मिळायचा. पाचव्या आवृत्तीत तो नाही. २०२३ साली बाल्डर्स गेट थ्री हा कॉम्प्युटर गेम आला, त्यात उंचावरून नेम धरणाऱ्याला अधिक दोन आणि खालून धरणाऱ्याला उणे दोन. माळेकरच्या हातात कोलीतच मिळालं.

"नसेल नियम पुस्तकात," मी म्हटलं, "पुस्तक लिहिणाऱ्यांनी विचार केला असेलच ना?"

"त्यांनी गड बघितलेत का? राजगडाचा बालेकिल्ला माच्यांच्या वर काय हवा खायला बांधलाय?"

बालेकिल्ला मध्ये आल्यावर मराठी माणसाने काय बोलायचं? मी अधिक एक दिला. पुढच्या शनिवारी माझे सगळे गॉब्लिन झाडांवर चढून बसलेले होते. नियम दोन्हीकडून चालतो. आता तरी पश्चात्ताप होईल म्हणून मी वाट बघत राहिलो. माळेकरने पहिला बाण खाल्ला, रक्त पुसलं आणि समाधानाने विचारलं, "झाडं किती फुटांची?"

एवढं असूनही त्याला हाकलून का देत नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर हार्पींच्या लढाईत आहे.

चार हार्पी आमच्या डोक्यावर तीस फुटांवर घिरट्या घालत होत्या आणि त्यांच्या गाण्याने बार्बेरियन आणि रोग दोघे भुलून खाली बावळटासारखे उभे होते. माळेकरने फायरबॉल काढला. वीस फूट त्रिज्या, आठ फाशांची आग. त्याने स्क्रीनवर लाल वर्तुळ ठेवलं, आणि त्या वर्तुळात चार हार्पींसकट आमचे दोघेही आले.

"अरे, आम्ही खाली आहोत!" श्टुटगार्ट कळवळलं.

"वर्तुळ बघू नकोस. फायरबॉल म्हणजे भाकरी नव्हे, लाडू आहे. मध्य मी चाळीस फुटांवर ठेवतो. लाडवाचा तळ येतो वीस फुटांवर. तू सहा फूट. मध्ये चौदा फूट हवा."

कोणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकजण डोळे मिटून तो लाडू बघत होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला आमच्या डोक्यावर आकाश असल्याची जाणीव झाली. हार्पी होरपळून निघाल्या, आणि खालच्या दोघांची भुवईसुद्धा जळली नाही. पुस्तकात तो स्पेल गोलच लिहिलाय. आम्ही सगळे वर्षानुवर्षं भाकऱ्या थापत होतो.

गेल्या दिवाळीत श्टुटगार्टकर सुट्टीवर आला, म्हणून आम्ही डोंबिवलीला खरोखरीच्या टेबलाभोवती बसलो. नकाशा कागदाचा, सोंगट्यांच्या जागी कॅरमच्याच सोंगट्या. उडणाऱ्यांसाठी वहिनींच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या पालथ्या घातल्या. एक वाटी दहा फूट. ड्रॅगन स्टीलच्या पेल्यावर बसला होता, विझार्ड तीन वाट्यांवर डुगडुगत होता आणि सगळ्या लढाईला हळदीचा वास येत होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माळेकरने संध्याकाळपासून एकदाही छत विचारलेलं नाही.

"विचारायचं काय? दिसतंय ना," तो म्हणाला.

मग चहा होईपर्यंत तो एकटाच बोलला. लालबागच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत तो वाढला. "दहा बाय दहा म्हणजे किती चौकोन?" त्याने मला विचारलं. चार. "आणि नियमाप्रमाणे एका चौकोनात किती माणसं?" एक. "आम्ही सात. त्यात एक चौकोन मोरीचा. उरले तीन. काका गॅलरीत झोपायचे. उरलो सहाजण, चौकोन तीन."

"मग?"

"मग काय? तीन खाली, तीन वर."

पोटमाळा. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याच्या नाकापासून छत अडीच फुटांवर. रात्री दचकून उठलात की खाडकन कपाळमोक्ष. त्या घरात 'छत किती' हा प्रश्न नव्हता, टेंगूळ होतं. कोणी ठाण्याच्या नव्या फ्लॅटचं कौतुक केलं की आम्ही कार्पेट एरिया विचारतो. हा माणूस मान वर करून स्लॅबकडे बघतो आणि म्हणतो, साडेनऊ फूट, एक माळा सहज बसेल.

हे ऐकून मी त्याच्याशी प्रेमाने वागायला लागलो असं कोणी समजू नये. पुढच्याच महिन्यात तो माझ्या हातून मेला.

एका किल्ल्याच्या चौकात मँटिकोर साखळदंडाने बांधलेला होता. मँटिकोर म्हणजे पंख असलेला सिंह, शेपटीतून काटे फेकतो, काट्याचा पल्ला फार तर दोनशे फूट. माळेकर फ्लाय टाकून दोन फेऱ्यांत दोनशे तीस फुटांवर जाऊन थांबला. दोनशे पल्ल्याचे, तीस 'सेफ्टी मार्जिन'. तिथून त्याचा एकही कामाचा स्पेल खाली पोचत नव्हता, पण किल्ला छान दिसत होता आणि तो आम्हाला वरून तटांची उंची कळवत होता. मागच्या बुरुजावर माझा दुसरा मँटिकोर होता. त्याला साखळदंड नव्हता.

तो उडाला, त्याने तीन काटे सोडले. पहिला माळेकरने शील्डवर थोपवला. उरलेले दोन लागले. सतरा गेले, अडतीसपैकी एकवीस हिट पॉइंट्स राहिले. कॉन्सन्ट्रेशनचा फासा पडला चार. फ्लाय तुटला. पिसासारखं अलगद उतरवणारा फेदर फॉल त्याच्याकडे होता, पण त्याला रिअ‍ॅक्शन लागते, ती फेरीत एकदाच मिळते, आणि ती शील्डमध्ये खर्च झालेली.

आता दर दहा फुटांना एक फासा. सगळे स्क्रीनकडे बघायला लागले. आणि क्लेरिक हळूच म्हणाली, "पण त्याच्या टोकनवर तर शून्य आहे."

खरंच शून्य होतं. मघाच्या गडबडीत मी त्याचं टोकन चुकून पुसलं होतं आणि नवं आणून ठेवलं होतं. नव्या टोकनची उंची शून्य. तीन वर्षांची शीट बाजूला ठेवली तर कागदोपत्री माळेकर जमिनीवर उभा होता.

"मग पडायचा प्रश्नच नाही," बार्बेरियन म्हणाला.

"स्क्रीनवर जे आहे ते प्रमाण," रोगने दुजोरा दिला. जर्मनीत राहून त्याला कागदांचं महत्त्व कळलंय.

मीही विरघळलो. "माझीच चूक आहे. शून्य धरू. फार तर दहा."

बराच वेळ ठाण्याहून काही आलं नाही. फक्त पंख्याची घरघर. मग तो म्हणाला, "दोनशे तीस."

"अरे माळ्या, मरशील."

"दोनशे तीस फुटांवर होतो मी. तुम्हाला दिसत नव्हतो म्हणून मी खाली येत नाही."

"वीसच्या वीस फाशांवर एक पडला तरच शुद्धीवर राहशील," मी म्हटलं.

"वीसच का? तेवीस."

"नियमात वीसच्या वर फासे नाहीत."

"म्हणजे वरचे तीस फूट फुकट गेले?" आपण मरणार याचं नव्हे, या तीस फुटांचं त्याला खरंच वाईट वाटलं. फासे पडले. त्र्याहत्तर. उरलेले एकवीस आणि मूळचे अडतीस मिळून एकोणसाठला खेळ तिथल्या तिथे खलास होतो. तो चौदाने जास्त मेला. त्याने शीटमध्ये शेवटची नोंद केली आणि लॉग आउट झाला. त्यानंतरची लढाई आम्ही चौघांनी अगदी जमिनीला धरून उरकली. दोन्ही मँटिकोर कुठल्या उंचीवर मेले हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या शनिवारी तो नवं पात्र घेऊन आला. ड्रुइड. झाडपाल्यातला माणूस, पंख नाहीत, फ्लाय नाही. मी आतून सुटकेचा निःश्वास टाकला. मोकळं मैदान दिलं, छताचा संबंधच नाही, वर नुसतं आभाळ. चार लांडगे सोडले. माळेकरने आपल्या पाळीला जनावराचं रूप घेतलं. जायंट बॅजर. उत्तम, म्हटलं, चार पायांचं, जमिनीवर चालणारं.

मग त्याच्या टोकनवर आकडा उमटला. आकड्याच्या डावीकडे एक छोटीशी आडवी रेघ होती. उणे दहा.

"माळ्या, आहेस कुठे तू?" डोंबिवलीने विचारलं.

"तुझ्या पायाखाली," खालून आवाज आला. "हलू नकोस. डीएम, याच्या आणि माझ्यामध्ये माती किती फूट धरायची?"